एकमत झालं, पण कोणाचं?

सहा वर्षांपूर्वी माझ्या मामूंचा सोलापूर रस्त्यावर अपघात झाला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हाला आयसीयूच्या बाहेर बोलावलं. मेंदूचं काम कायमचं थांबलंय, श्वास चालू दिसतो तो व्हेंटिलेटरमुळे, असं त्यांनी सांगितलं. कायद्याने ठरवून दिलेल्या चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी केली होती. थोड्या वेळाने अवयवदानाचं काम पाहणाऱ्या समन्वयक बाई आमच्या शेजारी बाकावर येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, ‘अवयवदानाचा विचार कराल का?’

पुढचे दोन-तीन तास फोनवर गेले. मोहल्ल्यातल्या मशिदीचे इमामसाहेब म्हणाले, ‘शरीर ही अल्लाहची अमानत आहे, ते कापून द्यायचा हक्क आपल्याला नाही. यावर उलेमांचं एकमत आहे.’ मामूंच्या ओळखीचे एक मुफ्ती म्हणाले, ‘जान वाचत असेल तर इजाजत आहे, मोठ्या फिक्ह अकादमीचा तसा ठराव आहे.’ तिसऱ्या आलिमसाहेबांचा मुद्दाच वेगळा होता. ‘दिल धडधडतंय तोवर इंतकालच झालेला नाही, मग दान कसलं?’ तिघेही अभ्यासू. तिघेही आमच्या भल्याचंच सांगत होते. आणि तिघांनीही आपल्या म्हणण्यामागे उलेमांचा हवाला दिला होता.

मुमानी इतका वेळ गप्प होती. ती एवढंच म्हणाली, “हो बोलनेवाले कितने हैं, नको बोलनेवाले कितने हैं? और कायको बोलते, वो तो बताओ.”

चौथीपर्यंत शिकलेल्या मुमानीच्या या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं. फजरच्या सुमारास मामूंचं हृदयही थांबलं. आम्ही हो म्हणालो नाही आणि नकोही म्हणालो नाही. निर्णय वेळेनेच घेऊन टाकला.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. तेव्हा कळलं की मुमानीने विचारलेला प्रश्न एका अख्ख्या संशोधनशाखेचा प्रश्न आहे. तज्ज्ञांचं एकमत काढायचं कसं, ते किती पक्कं मानायचं, त्यात कोणाला बसवायचं आणि वेगळ्या मताचं काय करायचं, यावर गेली सत्तर वर्षं पद्धतशीर काम चालू आहे. त्या कामाची दिशा पाहिली तर आपल्या फतव्यांनी, आपल्या समित्यांनी आणि आपल्या डॉक्टरांनीही त्यातून शिकावं असं बरंच आहे.

बॉम्बच्या हिशेबातून निघालेली पद्धत

या पद्धतींत सर्वांत गाजलेली ‘डेल्फी’. तिचा जन्म अमेरिकेतल्या रँड या संस्थेत झाला, आणि तोही युद्धाच्या हिशेबातून. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी सात तज्ज्ञांना एक प्रश्न दिला. सोव्हिएत नियोजकाच्या जागी बसून सांगा, अमेरिकेचं शस्त्रनिर्मितीचं उत्पादन ठरावीक प्रमाणात खाली आणायचं तर किती अणुबॉम्ब लागतील? पहिल्या फेरीत कोणी ५० म्हणालं, कोणी ५०००. तज्ज्ञांना एकमेकांसमोर आणलंच नाही. प्रत्येकाला प्रश्नावली वेगळी, उत्तर वेगळं. मग इतरांनी मांडलेले मुद्दे नाव न सांगता सर्वांना कळवायचे आणि पुन्हा विचारायचं. पाच फेऱ्यांनंतर आकडे १६७ ते ३६० यांच्यात आले. हा प्रयोग बराच काळ गुप्त होता, तो १९६३मध्ये प्रसिद्ध झाला.

नाव लपवण्यामागचं कारण साधं आहे. समोरासमोरच्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा, ज्याचं पद मोठं, ज्याची दाढी पांढरी, त्याच्या बाजूला बाकीचे झुकतात. हे आपल्याला रँडने शिकवायची गरज नाही. जमातच्या कोणत्याही बैठकीत, सोसायटीच्या कोणत्याही सभेत ते दिसतं. डेल्फीने माणूस बाजूला ठेवून मुद्दा पुढे आणला, हे तिचं मोठं काम.

पण त्याच प्रयोगात या पद्धतीची मर्यादाही आहे. आकडे जवळ आले म्हणजे ते बरोबर आले का? सुदैवाने ते तपासायची वेळ कधी आली नाही. सात माणसं एकमेकांच्या जवळ सरकली एवढंच सिद्ध झालं. एकमत आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या पद्धतीचा गाभा समजून घेणाऱ्याने पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायला हवं होतं. तसं झालं नाही. पुढे वैद्यकशास्त्र, शिक्षण, पर्यावरण, सगळीकडे डेल्फी पसरली आणि ‘तज्ज्ञांचं एकमत आहे’ हे वाक्य शिक्क्यासारखं वापरलं जाऊ लागलं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात शंभर डेल्फी अभ्यास तपासले गेले. त्यांतल्या ९८ अभ्यासांचा दावा एकमत मोजण्याचा होता. पण एकमत म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या फक्त ७२ अभ्यासांत दिलेली होती. जिथे टक्केवारी दिली होती तिथे ती साधारण ७५च्या आसपास. म्हणजे चारांपैकी एक जण नाही म्हणाला तरी एकमत! आणि उरलेल्या अभ्यासांत तर किती जण नाही म्हणाले तर एकमत होणार नव्हतं, हेच कळायला मार्ग नाही.

मरण कोण ठरवतं?

मामूंच्या प्रसंगात हा प्रश्न पुस्तकी राहिला नव्हता. माणूस मेला केव्हा म्हणायचं, हीसुद्धा तज्ज्ञांच्या एकमताने ठरलेली गोष्ट आहे. १९६८मध्ये हार्वर्डच्या एका समितीने मेंदू कायमचा बंद पडणं हा मृत्यूचा निकष मांडला. त्या समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचे आणि धर्मशास्त्राचे अभ्यासकही होते. भारतात १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा याच विचारावर उभा आहे आणि तो सुरुवातीलाच स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. अगदी २०२३मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी या विषयावर नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तीही डेल्फीसारख्या गुप्त मतदानाच्या फेऱ्या घेऊन. कारण या प्रश्नावर प्रयोग करून पुरावा गोळा करता येत नाही. अखेर जाणत्यांना विचारावं लागतं.

आता आपल्याकडच्या जाणत्यांकडे पाहू. १९८६मध्ये अम्मानला इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने ठराव केला की तज्ज्ञ डॉक्टरांनी मेंदू कायमचा बंद झाल्याचं सांगितलं तर तो मृत्यू मानता येईल. दोन वर्षांनी त्याच अकादमीने संमती असेल तर मृताचे अवयव देण्याला परवानगी दिली. दरम्यान १९८७मध्ये मक्केतल्या राबिता आलम-ए-इस्लामीच्या अकादमीने वेगळं सांगितलं. डॉक्टरांनी खात्री केल्यावर यंत्र काढता येईल, पण हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय मृत्यू झाला असं शरियत मानणार नाही. दिल्लीच्या इस्लामिक फिक्ह अकादमीने १९८९मध्ये गरजू नातेवाइकाला जिवंतपणी मूत्रपिंड देण्याला वाट दिली, पण ‘माझ्या मृत्यूनंतर अवयव द्या’ असं सांगून ठेवणं ही शरियतच्या अर्थाने वसीयत होत नाही, असं म्हटलं.

म्हणजे त्या संध्याकाळी फोनवर बोललेल्या तिघांपैकी कोणीही मनाचं सांगत नव्हतं. प्रत्येकामागे जाणत्यांची एक बैठक उभी होती. चूक एवढीच होती की प्रत्येकाने आपल्या बैठकीचं मत ‘उलेमांचं मत’ म्हणून सांगितलं. दुसरी बैठकही झाली आहे, तिथेही तेवढेच मोठे लोक होते आणि त्यांनी अमुक कारणाने वेगळं ठरवलं, हे कोणीच सांगितलं नाही. मुमानीला तेच हवं होतं.

जो मानत नाही त्याचं काय करायचं?

एकमताच्या संशोधनाचा एक मोठा प्रवाह गणिताकडून आला. त्याची मुळं ज्या दोन माणसांच्या कामात आहेत त्यांचा जन्म आपल्या वाचकाला ओळखीच्या वाटणाऱ्या शहरांत झाला. थॉमस साटी इराकमधल्या मोसुलचे. पर्यायांची दोन-दोन करून तुलना करायची आणि १ ते ९च्या मोजपट्टीवर आकडे द्यायचे, ही त्यांची पद्धत १९७०च्या दशकातली. दुसरे लोत्फी झादे, बाकूमध्ये जन्मलेले. हो आणि नाही यांच्यामधला धूसर भाग गणितात आणणारा त्यांचा ‘फझी सेट’वरचा लेख १९६५चा. तज्ज्ञ माणूस ‘बहुतेक’, ‘जरासं’, ‘तितकंसं नाही’ असं बोलतो. ते बोलणं आकड्यांत कसं आणायचं, याचा रस्ता झादेंनी उघडला. या दोन धाग्यांवर आज जगभर शेकडो शोधनिबंध लिहिले जातात. त्याचं एक मोठं केंद्र स्पेनमध्ये ग्रॅनडा विद्यापीठात आहे. आपल्या जुन्या किताबांतलं गरनाता ते हेच.

या प्रवाहात गेल्या दहा-पंधरा वर्षांत काय चाललंय? पूर्वी पाच-सात तज्ज्ञ असत, आता शेकडो माणसांच्या गटाचं एकमत कसं काढायचं हा विषय आहे. कोणाचा कोणावर भरवसा आहे याचं जाळं आखून मतांना वजन दिलं जातं. सर्वांत कमी ‘खर्चात’, म्हणजे लोकांना आपलं मत कमीत कमी बदलायला लावून, एकमत कसं गाठायचं याची समीकरणं मांडली जातात. अलीकडे तर तज्ज्ञांच्या जागी भाषा-मॉडेलला प्रश्न विचारून पाहण्याचे प्रयोगही सुरू झाले आहेत.

मला खटकते ती याच प्रवाहातली एक गोष्ट. गटापासून दूर राहिलेला तज्ज्ञ संगणक शोधून काढतो आणि त्याला कळवतो, मत थोडं इकडे सरकवा. त्याने ऐकलं नाही तर काही पद्धतींत त्याला ‘असहकारी’ म्हटलं जातं आणि त्याच्या मताचं वजन कमी केलं जातं. मुद्दाम अडून बसणारे लोक असतात, हे खरं. स्वतःचा स्वार्थ साधायला कोणी टोकाचे आकडे देत असेल तर त्याला आवर घालायलाच हवा. पण अडून बसलेला प्रत्येक जण स्वार्थी नसतो. कधी तो एकटाच बरोबर असतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलं की पोटातल्या अल्सरमागे एक जीवाणू असतो. तेव्हा जाणत्यांचं मत होतं, तणाव आणि आम्ल. १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहमती परिषदेने तोच जीवाणू मान्य करून औषधोपचार सुचवला. २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं. सुरुवातीलाच त्यांच्या मताचं वजन समीकरणाने शून्यावर आणलं असतं, तर?

आपल्या परंपरेत याचं भान होतं. इज्मा हा फिक्हचा एक आधार मानला, पण इज्मा कोणाचा यावर पहिल्यापासून वाद आहे. इमाम मालिक मदिनेतल्या लोकांच्या आचरणाला वजन देत. इमाम शाफईंनी ‘सर्व आलिमांचं एकमत आहे’ अशा दाव्यांवर कठोर प्रश्न उभे केले. ज़ाहिरी पंथाने तर फक्त सहाबांचाच इज्मा मानला. या वादातून मतभेद नोंदवण्याची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. बाराव्या शतकात कुर्तुबाच्या इब्न रुश्दने ‘बिदायतुल मुज्तहिद’ लिहिली. प्रत्येक मसल्यावर कोण काय म्हणतं आणि ते वेगळं का म्हणतात, हे सांगणं हाच त्या किताबचा हेतू. मुमानीचं ‘और कायको बोलते’ आठशे वर्षांपूर्वी कोणी तरी गंभीरपणे घेतलं होतं. आपण मात्र मतभेद झाकण्यालाच इत्तेहाद समजू लागलो.

न्याय एवढाच की फिक्ह अकादमीच्या कामात या परंपरेची खूण अजून आहे. दिल्लीची अकादमी आधी सवालनामा तयार करून देशभरच्या उलेमांना पाठवते, त्यांचे लेख येतात, त्यांचा गोषवारा काढला जातो, मग परिसंवाद आणि ठराव. काही ठरावांत कोणाचं मत वेगळं आहे याची नोंदही सापडते. ही रीत डेल्फीच्या बरीच जवळची आहे. अडचण पुढे होते. ठराव अकादमीतून मोहल्ल्यात पोहोचेपर्यंत ती नोंद गळून जाते आणि हातात फक्त ‘जायज’ किंवा ‘नाजायज’ उरतं.

ज्याला सोसायचंय त्याला विचारलं का?

या संशोधनातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं वळण गणितातलं नाही. ते ‘तज्ज्ञ’ या शब्दाच्या अर्थातलं आहे. संधिवाताच्या औषधांची परीक्षा करताना काय मोजायचं, हे ठरवण्यासाठी ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट १९९२पासून परिषदा घेतो आहे. दहा वर्षं डॉक्टरांनी ठरवलं. सुजलेले सांधे मोजा, दुखरे सांधे मोजा, रक्ताच्या तपासण्या करा. २००२च्या परिषदेत पहिल्यांदा रुग्ण बरोबरीने बसले. ते म्हणाले, आम्हाला सर्वांत जास्त छळतो तो थकवा. तो यादीत महत्त्वाच्या जागी नव्हताच. दहा वर्षांचं एकमत प्रामाणिक होतं, पद्धतशीर होतं आणि तरी अर्धवट होतं. कारण ज्याच्या अंगावर आजार आहे तो माणूस त्या खोलीत नव्हता.

हे वाचताना मला १८ एप्रिल १९६६ची मुंबई आठवली. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेल्या. जुबानी तलाक बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं. तलाकच्या मसल्यावर शतकानुशतकं जाणत्यांच्या बैठका झाल्या, त्यांत तलाक मिळालेली बाई किती वेळा बसली? दलवाईंच्या सर्वच मतांशी मी सहमत नाही. पण त्या सात जणी जे मागत होत्या ते २००२मध्ये संधिवाताच्या रुग्णांना मिळालं. खोलीत एक खुर्ची. २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द केला, तो तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. त्या निकालाकडे कसंही पाहा, त्यातली एक गोष्ट मला शिकण्यासारखी वाटते. हरलेल्या दोन न्यायमूर्तींचं म्हणणं, त्यात खुद्द सरन्यायाधीश होते, पूर्णच्या पूर्ण छापलेलं आहे. कोणीही वाचावं आणि ठरवावं.

आमच्याकडे असं काही कधी नव्हतंच असंही नाही. हजरत उमर यांनी आपल्यानंतरचा खलिफा निवडायला सहा जणांची शूरा नेमली. सहाही मुहाजिर. पण त्यांच्यातले अब्दुर्रहमान बिन औफ यांनी स्वतःची दावेदारी सोडली आणि मदिनेत लोकांना विचारत फिरले, असं इतिहासकार सांगतात. निर्णय सहांच्या हातात होता, पण विचारणं सहांपुरतं नव्हतं.

लोक गोंधळतील हो!

यावर नेहमीचा आक्षेप असा की सगळे मतभेद लोकांसमोर मांडले तर सामान्य माणूस गोंधळतो, किंवा सोयीचं तेवढं उचलतो. उलेमा हे म्हणतात आणि डॉक्टरही म्हणतात. आक्षेप पोकळ नाही. करोनाच्या काळात अर्धवट मतभेदांवर अफवा कशा पोसल्या गेल्या ते आपण पाहिलं आहे.

पण त्याच करोनावर २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये एक डेल्फी अभ्यास आला. ११२ देश-प्रदेशांतले ३८६ तज्ज्ञ, ४१ विधानं, ५७ शिफारशी. प्रत्येक विधानापुढे किती टक्के लोकांना ते मान्य आहे, हे छापलेलं आहे. कुठे पूर्ण एकमत आहे, कुठे थोडं कमी. त्याने अभ्यासाची किंमत कमी झाली नाही. जिथे सगळे एक झाले त्या विधानांवर माझा विश्वास उलट वाढला, कारण जिथे एक झाले नाहीत तेही त्यांनी लपवलं नव्हतं. २०२४मध्ये एकमताच्या अभ्यासांसाठी ‘अकॉर्ड’ नावाची ३५ कलमांची यादी प्रसिद्ध झाली. तज्ज्ञ कसे निवडले, एकमताची रेषा कुठे आखली, मतदान कसं झालं, हे सगळं सांगा, असं ती म्हणते. म्हणजे सत्तर वर्षांनी हे शास्त्र मुमानीच्या प्रश्नापाशी आलं आहे.

माझं म्हणणं एवढंच. कोणतीही समिती, मग ती मुफ्तींची असो, डॉक्टरांची असो की सरकारची, आपल्याला ‘एकमताने ठरलं’ असं सांगते तेव्हा तिला पाच गोष्टी विचारायचा आपल्याला हक्क आहे. बसलं कोण होतं आणि त्यांना निवडलं कोणी? किती जणांनी हो म्हटलं की एकमत मानायचं, हे आधी ठरलं होतं का? नाही म्हणणारे किती आणि त्यांची कारणं काय? ज्यांना या निर्णयासोबत जगायचंय त्यांच्यापैकी कोण होतं? आणि नवी माहिती आली तर पुन्हा केव्हा बसणार? यात श्रद्धेचा अवमान नाही आणि विज्ञानाचाही नाही. जाणत्यांचा मान राखूनच हे विचारता येतं. जाणता माणूस उत्तर देतो. चिडतो तो बहुधा जाणता नसतो.

त्या रात्री आम्हाला कोणी सांगितलं असतं की अम्मानला असं ठरलं या कारणाने, मक्केत तसं ठरलं त्या कारणाने, आणि या दोन्हींतून निवड करायची मोकळीक तुम्हाला आहे, तर मुमानीने काय ठरवलं असतं मला माहीत नाही. कदाचित ती नकोच म्हणाली असती. पण मग ते तिचं ‘नको’ असतं.

मी स्वतःपुरतं ठरवलं आहे. घरी एका कागदावर लिहून ठेवलंय, की वेळ आली तर माझे अवयव द्या. खाली कोणत्या अकादमीचं मत मी मानलं, कोणत्या अकादमीचं मानलं नाही आणि कायको, हेही लिहिलंय. गेल्या ईदला तो कागद मुमानीला वाचून दाखवला. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “तेरी बीवी क्या बोली? उसको पूछा क्या?”

विचारलं नव्हतं. त्या रात्री घरी आल्यावर विचारलं.